मिरजेचे मिशन रुग्णालय : सेवेपासून सरकारच्या साथीपर्यंत

कॅनडात जन्मलेले प्रेस्बिटेरियन मिशनरी डॉ. विल्यम जेम्स वानलेस १८८९ मध्ये भारतात आले. सांगलीत दवाखाना चालवल्यावर त्यांनी मिरज गाठले आणि १८९४ मध्ये तेथे रुग्णालय उभे राहिले. जागा मिरज संस्थानची, इमारतीचा पैसा अमेरिकेतील देणगीदारांचा. मोतीबिंदू आणि मुतखड्याच्या शस्त्रक्रियांसाठी दूरदूरचे रुग्ण मिरज जंक्शनवर उतरून मिशन दवाखान्याची वाट विचारू लागले.

काम वाढले, हात अपुरे पडले. म्हणून १८९७ मध्ये रुग्णालयातच वैद्यकीय शाळा सुरू झाली. ते दिवस प्लेगचे होते आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ आला. अशा काळात नवी शाळा तगली, याचे श्रेय एकट्या वानलेस यांचे नाही. ते येथे शिकलेल्या डॉक्टरांचे, परिचारिकांचे आणि रात्रपाळीत वॉर्ड सांभाळणाऱ्या अनामिक सेवकांचेही आहे. १९२० मध्ये जवळच्या वानलेसवाडीला क्षयरोग आरोग्यधाम उभे राहिले. १९२८ मध्ये वानलेस निवृत्त झाले, पण काम थांबले नाही.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न बदलला. राज्याला डॉक्टर हवे होते, मिरजेच्या रुग्णालयाकडे खाटा होत्या, रुग्ण होते आणि शिकवण्याचा अनुभव होता. पण सरकारचे काम अंगावर घ्यायचे म्हणजे प्रवेश कोणाला, नेमणुका कोणाच्या, हिशेब कोणी तपासायचा, हे सारे नव्याने ठरवावे लागणार होते. वॉर्डातल्या सकाळच्या प्रार्थनेचाही प्रश्न होता. राज्यघटनेच्या २८व्या कलमाने मार्ग घालून दिलेला आहे : सरकारी मान्यता वा मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत संमतीवाचून कोणालाही उपासनेला बसवता येत नाही. मिशन रुग्णालयाचे दार सर्व जातिधर्मांच्या रुग्णांसाठी उघडेच होते, त्यामुळे सरकारशी हातमिळवणी करताना त्याला आपले मूळ सोडावे लागले नाही. १९६२ मध्ये या रुग्णालयाच्या सहकार्याने मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. चर्चच्या संस्थेने लोकांच्या कामासाठी घेतलेला हा निर्णय योग्यच होता.

पुढे सरकारी कामाचे स्वरूप योजनांचे आणि करारांचे झाले. २००६ पासून मुंबई उच्च न्यायालयाने ठरवलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. राज्य सरकारची जीवनदायी आरोग्य योजना २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली आणि पात्र शिधापत्रिकाधारकांना अंगीकृत रुग्णालयात उपचार मिळू लागले. ठरावीक पॅकेजच्या दरात खर्च बसवणे सेवाभावी संस्थांना जड जाते. पैसे उशिरा आले की औषधांची आणि पगारांची ओढाताण होते. मिरजेच्या रुग्णालयानेही अलीकडच्या वर्षांत आर्थिक अडचणी सोसल्या आहेत.

तरीही मिरजेची ओळख आज वैद्यकनगरी अशीच आहे, आणि शासकीय महाविद्यालयात दर वर्षी नवी तुकडी दाखल होते.