गीतरामायण : ध्वनिमुद्रणे व त्यांतील निवड

ग. दि. माडगूळकर (१९१९–१९७७) यांनी लिहिलेली आणि सुधीर फडके (१९१९–२००२) यांनी स्वरबद्ध केलेली ५६ गीतांची मालिका. आकाशवाणीच्या पुणे केंद्राचे सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने ती १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला सुरू झाली आणि पुढच्या वर्षीच्या रामनवमीला, १९ एप्रिल १९५६ रोजी संपली. आठवड्याला एक गीत या हिशेबाने ५२ गीते व्हायची होती. त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे ती ५६ झाली. शब्द १९५७ मध्ये पुस्तकरूपाने छापले गेले आणि तेव्हापासून त्यांच्या पाठाबद्दल फारसा वाद उरला नाही. गीतरामायण ऐकायचे ते कोणत्या ध्वनिमुद्रणातून, हा प्रश्न मात्र अजून घरोघर निघतो. प्रस्तुत नोंद त्या प्रश्नापुरती आहे.

यवतमाळ जिल्ह्याशी या मालिकेचे नाते दोन ठिकाणी जुळते. १९७३ साली यवतमाळला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष माडगूळकर होते. चित्रपटांसाठी गाणी लिहिणारा कवी संमेलनाध्यक्षपदी बसला, त्यामागे गीतरामायणाने मिळवून दिलेली मान्यता होती, असे म्हणायला हरकत नाही. दुसरे ठिकाण म्हणजे राळेगावजवळचे रावेरी. येथे सीतेचे मंदिर आहे. रामाने टाकलेली गरोदर सीता येथे आली, तिने मूठभर गहू मागितला, गावाने तो दिला नाही, म्हणून या शिवारात गहू पिकणार नाही असा शाप तिने दिला, आणि लव-कुशांना तिने एकटीनेच वाढवले, अशी आख्यायिका गावात सांगतात. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी या मंदिराच्या जीर्णोद्धारात लक्ष घातले आणि परित्यक्ता स्त्रियांचे दैवत म्हणून त्याची ओळख जिल्ह्याबाहेर नेली. मालिकेची अखेरची तीन गीते, सीतेच्या डोहाळ्यांचे, तिच्या त्यागाचे आणि वाल्मीकीने लव-कुशांना गायला पाठवण्याचे, नेमकी याच कथेची आहेत. ध्वनिमुद्रणांमधला खरा फरकही याच गीतांत कानाला कळतो.

एखाद्या रचनाकाराची संपूर्ण मालिका कोणाकडून ऐकावी, हा प्रश्न पाश्चात्त्य संगीतात जुना आहे. बेथोव्हेनच्या ३२ पियानो सोनाटांचा पहिला संपूर्ण संच आर्टुर श्नाबेलने लंडनला १९३२ ते १९३५ या काळात एचएमव्हीसाठी ध्वनिमुद्रित केला. एवढा मोठा संच दुकानात खपेल याची खात्री नसल्याने त्यासाठी आगाऊ वर्गणीदार गोळा केले गेले. त्यात चुकीचे सूर आहेत, वेगवान भागांत बोटे अडखळतात, तरी आशयासाठी लोक आजही त्याच्याकडे वळतात. विल्हेल्म केम्फने तीच मालिका एकदा १९५० च्या दशकात एकमार्गी ध्वनीत आणि पुन्हा १९६० च्या दशकात स्टीरिओत दिली. रसिकांत दोन्हींचे वेगळे पक्ष आहेत. तिथे एक सोय आहे. बेथोव्हेन १८२७ मध्ये वारला, एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. रचनाकाराने स्वतः कसे वाजवले हे कोणालाच ऐकता येत नाही, म्हणून सगळे वादक एका पायरीवर उभे राहतात.

गीतरामायणात तसे नाही. येथे संगीतकार स्वतः गायला आहे, आणि तेवढ्यावर निकाल लागला असे बहुतेक घरांत धरले जाते. तो इतक्या सहज लागत नाही, कारण फडक्यांनी स्वतःच दोन उत्तरे दिली आहेत. पहिले आकाशवाणीच्या मालिकेत: तेथे पात्राप्रमाणे गळा निवडला आहे. दुसरे एचएमव्हीच्या संचात: तेथे सगळी पात्रे एकाच गळ्यातून येतात आणि तो गळा त्यांचा स्वतःचा आहे. दोन्ही निर्णय एकाच माणसाचे. तेव्हा कोणते अस्सल हा प्रश्न येथे लागू पडत नाही. कोणते कशासाठी, एवढाच उरतो.

आकाशवाणीची मालिका. कौसल्येच्या गीतांना ललिता फडके, शबरीला मालती पांडे, सीतेच्या बहुतेक गीतांना माणिक वर्मा, भरताच्या संतापाला वसंतराव देशपांडे, विश्वामित्राला राम फाटक, अशी ही वाटणी होती. सुरेश हळदणकर, बबनराव नावडीकर, योगिनी जोगळेकर, चंद्रकांत गोखले यांचेही आवाज मालिकेत आहेत. निवेदनाची आणि रामाची बरीच गीते फडक्यांनी आपल्याकडे ठेवली. वाद्यमेळ लहान, त्यात प्रभाकर जोगांचे व्हायोलिन होते. गीताला पंधरा मिनिटांची वेळ राखलेली असल्यामुळे कडवी गाळण्याची घाई नव्हती. हा मुद्दा वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. त्या काळी बाजारात चालणाऱ्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावत. माडगूळकरांची आठ-दहा कडव्यांची गीते त्या तबकडीसाठी लिहिलीच नव्हती. ती रेडिओच्या वेळापत्रकासाठी लिहिलेली आहेत, आणि म्हणून त्यांत कथा सांगायला उसंत आहे.

वसंतराव देशपांडे हे मूर्तिजापूरचे, म्हणजे यवतमाळहून निघणारी शकुंतला रेल्वे जिथे थांबे त्या गावचे. ‘माता न तू, वैरिणी’ त्यांच्याकडून ऐकावे. भरताचा राग फडक्यांच्या संचातही आहे, पण तो आवरलेला, जणू कोणी मागाहून सांगत आहे असा. वसंतरावांच्या तोंडी तो त्या क्षणी उसळतो. तान शब्दाच्या आधी पोचते की काय अशी धास्ती वाटते, आणि पोचत नाही. नाट्यसंगीतात मुरलेल्या गळ्याला जे साधते ते भावगीताच्या गळ्याला साधेलच असे नाही. हा फडक्यांचा उणेपणा मुळीच नव्हे. हे गीत वसंतरावांकडे सोपवले ते फडक्यांनीच.

फडक्यांचा संच. लाँगप्ले तबकडी आल्यावरच गीतरामायण अखंड विकणे शक्य झाले. एचएमव्हीने काढलेला फडक्यांचा संच दहा भागांचा आहे. प्रत्येक भागात पाच-सहा गीते येतात आणि सगळे मिळून ऐकायला सहा तासांहून अधिक लागतात. तबकड्यांवरून तो कॅसेटवर, मग सीडीवर आणि आता मोबाइलवर आला. रामनवमीच्या मंडपातल्या कर्ण्यावर सहसा हाच वाजतो. त्याचे बळ उच्चारात आहे. अनुस्वार, जोडाक्षर, ऱ्हस्व-दीर्घ यांतले काहीही फडके सांडू देत नाहीत. पुस्तक हाती न घेताही संपूर्ण काव्य कळते, आणि हे भावगीतात नेहमी घडत नाही. ‘दैवजात दुःखे भरता’ या गीतात तर त्यांना तोड नाही. यमनकल्याणाच्या अंगाने कडव्यामागून कडवे त्याच चालीत येत राहते, तरी ऐकणारा कंटाळत नाही, कारण ते प्रत्येक कडव्यात वजन वेगळ्या शब्दावर टाकतात. येथे गायकी थोडी आणि समजावणे फार आहे. राम भरताला समजावतो आहे, तेव्हा तेच हवे.

या संचावर नेहमीचा आक्षेप असा की पुरुषाने सीता, कौसल्या, शबरी गाव्यात हे कानाला पटत नाही. आक्षेप वरवर रास्त आहे, पण मालिकेची बांधणी त्याच्या विरुद्ध साक्ष देते. भूपातले पहिले गीत लव-कुश रामापुढे रामायण गात आहेत या प्रसंगाचे आहे आणि शेवटचे गीत वाल्मीकी त्या मुलांना तेच गायला सांगतो त्याचे. म्हणजे मधले सगळे, सीतेचे दुःखसुद्धा, मुलांनी बापापुढे गायलेले आहे. शिवाय कीर्तनकार एकटाच रुक्मिणी होतो आणि एकटाच जनाबाई होतो, आणि मराठी श्रोत्याला त्यात कधी अवघड वाटले नाही. एकाच आवाजातले गीतरामायण त्या परंपरेत चपखल बसते. कथा म्हणून सुरुवातीपासून शेवटापर्यंत ऐकायची असेल तर अनेक गळ्यांपेक्षा एक गळाच दोर तुटू देत नाही.

मात्र हे समर्थन त्यागाच्या गीतापाशी तोकडे पडते. ‘मज सांग लक्ष्मणा, जाऊ कुठे’ आकाशवाणीसाठी लता मंगेशकरांनी गायले. त्याआधीची सीता माणिक वर्मांची आहे: वनात यायचा हट्ट धरणारी, हरीण मागणारी, दाराशी आलेल्या याचकाला अडवणारी. माणिकबाईंच्या आवाजात घरंदाज ठामपणा आहे आणि ‘जेथे राघव तेथे सीता’ त्यामुळेच विनवणी न वाटता निश्चय वाटते. त्यागाच्या गीतात आवाज बदलतो आणि ऐकणाऱ्याला ती सीता अचानक तरुण, एकटी वाटू लागते. हा योजनेचा भाग होता की गायिका उपलब्ध असण्याचा, याने परिणामात फरक पडत नाही. फडक्यांच्या संचात हेच गीत करुण आहे, पण करुणा सांगणाऱ्याची आहे. लताबाईंकडे प्रश्न विचारणारीच समोर असते. रावेरीच्या सीतेला रामाकडे परत जायचे नाही, तिला आपल्या मुलांना वाढवायचे आहे. तिची कथा ठाऊक असलेल्या श्रोत्याला हे गीत सांगणाऱ्याच्या आवाजात पुरत नाही.

मैफलींची मुद्रणे. फडक्यांनी गीतरामायणाचे कार्यक्रम आयुष्यभर केले. त्यांची प्रत्यक्ष मैफलीतली ध्वनिमुद्रणे आणि दूरदर्शनची चित्रमुद्रणे आहेत. दोन-अडीच तासांत ५६ गीते मावत नाहीत. त्यामुळे निवडक गीते, मधूनमधून निवेदन आणि काही ठिकाणी कमी कडवी, असा त्यांचा घाट असतो. उतारवयात आवाज जड झालेला जाणवतो, पण शब्दावरचा थांबा अधिक सुंदर झाला आहे. एका गीताची दोन मैफलींतली रूपे शेजारी ठेवून ऐकणे हा चांगला अभ्यास आहे. पहिल्यांदाच ऐकणाऱ्याने मात्र तेथून सुरुवात करू नये. पुढच्या पिढीत श्रीधर फडके आणि आनंद माडगूळकर यांनीही हे कार्यक्रम चालू ठेवले. हिंदी, संस्कृत, कन्नड अशा भाषांतले अनुवादही मूळ चालींवर बेतलेले आहेत, म्हणजे चालीची ओळख झालेल्याला तेही उघडेच आहेत.

संच घेताना पाहायचे ते एवढे. ‘निवडक’, ‘लोकप्रिय’ असे नाव असलेला संग्रह मालिका नव्हे. त्यात रामजन्म, स्वयंवर, सेतू ही उत्सवाची गीते हमखास असतात आणि अंगदाची शिष्टाई, लंकेतले युद्ध, सीतेची अग्निशुद्धी गळालेली असते. एकूण गीते ५६ आहेत का, पहिले ‘स्वये श्रीरामप्रभू ऐकती’ आणि शेवटचे ‘गा बाळांनो, श्रीरामायण’ आहे का, हे आधी बघावे. मोबाइलवर गाण्यांची उलटसुलट मिसळ करणारी कळ बंद ठेवावी. क्रम मोडला की ही नुसती सुंदर भावगीते उरतात. संचातले मुद्रण आणि मैफलीतले मुद्रण यांची नावे सारखीच असल्याने सरमिसळ होते. छापील पुस्तक जवळ ठेवून दोन-तीन गीतांची कडवी मोजली की कोणते काय ते लगेच कळते. जुन्या कॅसेटवरून चढवलेल्या मुद्रणांत सूर किंचित वर किंवा खाली सरकलेला असतो. पेटीवर षड्ज लावून पाहिला की चोरी पकडली जाते.

एकच घ्यायचे असेल तर फडक्यांचा दहा भागांचा संच घ्यावा. त्याला आकाशवाणीच्या मुद्रणांची जोड मिळत असेल तर सीतेची सगळी गीते, भरताचा राग आणि शबरी तेथून ऐकावीत, बाकी फडक्यांकडे सोपवावे. मैफलींचा क्रम त्यानंतर.