लेण्याद्री परिसरातील समकालिक विदासंकलन : खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

जुन्नर तालुक्यातील लेण्याद्रीची सुमारे ३० शैलगृहे व तेथील ब्राह्मी शिलालेख इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहेत. दान एकदा कोरले की त्याची नोंद पूर्ण होत असे. ती त्याच क्षणी अन्य नोंदींशी जुळविण्याचा प्रश्न नव्हता. याच तालुक्यातील खोडद येथे विसाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीपुढे मात्र ३० ठिकाणची विदा एकाच क्षणाची म्हणून एकत्र आणण्याचे आव्हान होते. प्रस्तुत लेखात या वाटचालीचा आढावा घेतला आहे.

उभारणी आणि मूळ समस्या

राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली ही दुर्बीण उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांपैकी १४ मध्यवर्ती भागात, तर १६ तीन लांब शाखांवर आहेत. दोन अँटेनांमधील कमाल अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे.

प्रत्येक अँटेनाच्या संकेताची इतर सर्वांशी तुलना करावी लागत असल्याने ४३५ जोड्या तयार होतात. आकाशातील एकच तरंग सर्व अँटेनांवर एकाच वेळी पोहोचत नाही. २५ किलोमीटर अंतरामुळे हा फरक सुमारे ८३ मायक्रोसेकंदांपर्यंत जातो. प्रकाशतंतूमधून येताना दर किलोमीटरला आणखी सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. त्यामुळे आधी आलेला संकेत नेमका तेवढा काळ थांबवावा लागतो. पृथ्वी फिरत असल्याने हा विलंब सतत बदलतो व त्याचे गणित अखंड चालू ठेवावे लागते. ते चुकल्यास तुलना निरर्थक ठरते.

विद्युत्-मंडलाकडून आज्ञावलीकडे

आरंभी हे कार्य खास बनविलेली विद्युत्-मंडले करीत असत. पुढे सर्वसाधारण संगणकांच्या समूहावर चालणारी आज्ञावली विकसित झाली. तिचे वर्णन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. यामुळे पद्धत बदलण्यासाठी मंडल नव्याने बांधण्याची गरज उरली नाही. नंतरच्या आधुनिकीकरणात ग्राफिक्स प्रोसेसरच्या साहाय्याने एका वेळी हाताळावयाचा पट्टा सुमारे ३२ वरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढला.

या व्यवस्थेचे मोल १९ ऑक्टोबर २०१६ रोजी दिसून आले. मंगळावर उतरणाऱ्या युरोपीय 'स्कियापरेली' यानाचा क्षीण संकेत खोडद येथे टिपला जात होता. तो अपेक्षित अवतरणाच्या थोडे आधी थांबला. संकेताला पृथ्वीवर येण्यास लागणारी सुमारे १० मिनिटे वगळता ही वार्ता तत्काळ मिळाली. मंगळाभोवतीच्या यानांनी केलेल्या नोंदी नंतर हाती आल्या. यान कोसळल्याचे पुढे स्पष्ट झाले.

महाजालावरील समांतर प्रश्न

त्याच वर्षी रूबी भाषेतील 'रेल्स' या चौकटीच्या पाचव्या आवृत्तीत 'ॲक्शन केबल' ही सोय समाविष्ट झाली. पूर्वी नवी माहिती आहे काय, हे ब्राउझरला सर्व्हरकडे वारंवार विचारावे लागे. २०११ मध्ये प्रमाणित झालेल्या 'वेबसॉकेट' पद्धतीत जोडणी खुली राहते व सर्व्हर बदल स्वतः कळवितो. तथापि जोडणी तुटल्यास मधल्या काळातील संदेश आपोआप पुन्हा मिळत नाहीत. म्हणून प्रत्येक बदलास अनुक्रमांक देणे व जोडणी पूर्ववत होताच सुटलेले बदल मागविणे, ही जबाबदारी उपयोजन रचणाऱ्यावर राहते.

निष्कर्ष

दोन्ही क्षेत्रांत गतीइतकेच महत्त्व क्रमाला आहे. माहिती कोणत्या क्षणाची, तिच्या आधी काय घडले आणि मध्ये काय सुटले, हे ठरविता आले तरच ती विश्वसनीय ठरते. महाविद्यालयीन अध्यापनात समकालिकतेचा अर्थ केवळ 'त्वरित' असा शिकविला जाऊ नये. त्यासाठी खोडद हे जवळचे व अभ्यसनीय उदाहरण आहे.