भट्टीसमोरचा कॅमेरा

7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं दाखवली गेली. त्यांतल्या एकात कारखाना सुटतो आणि कामगार फाटकातून बाहेर पडतात. आत काय चालतं, हे मात्र दिसत नाही.

ते 'आत' मराठी मुलखात दादासाहेब फाळक्यांनी दाखवलं. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधीच, कुंडीतल्या रोपाची वाढ टिपून त्यांनी कॅमेऱ्याची ताकद आजमावली होती. पुढे त्यांनी तळेगाव दाभाड्याच्या काच कारखान्यावर लघुपट केला.

हा कारखाना लोकांच्या पैशातून उभा राहिला होता. अंताजी दामोदर काळे गावोगाव फिरून माणशी एकेक पैसा गोळा करत. त्या पैसा फंडातून 1908 मध्ये तळेगावची भट्टी पेटली. टिळकांचा त्याला पाठिंबा होता. तेव्हा बांगड्यांपासून दिव्याच्या चिमण्यांपर्यंत काच परदेशातून येई.

काचकाम म्हणजे पडद्यासाठी जणू घडवलेलाच विषय! वाळू, सोडा आणि चुना वितळून लालबुंद रस होतो. कारागीर पोकळ लोखंडी नळीच्या टोकावर त्याचा गोळा उचलतो, नळी फिरवत फुंकर घालतो आणि गोळा फुग्यासारखा फुगत जातो.

1917 मध्ये फाळक्यांनी स्वतःचाच कारखाना पडद्यावर आणला. 'चित्रपट कसे तयार करतात' या लघुपटात ते स्वतः काम करताना दिसतात. त्याचे काही तुकडे आजही पाहायला मिळतात.