पैदाशीची मादी घरी सांभाळायला : पद्धत काय, नियम काय, आधी काय ठरवावे

सरावली (ता. पालघर) : शेळी अर्धेलीने सांभाळायला देणे गावाकडे नवीन नाही. शेळी एकाची, चारापाणी दुसऱ्याचे, करडे दोघांत वाटून. जातिवंत कुत्र्यांच्या पैदाशीतही असाच प्रकार आहे. मादी पिंजऱ्यात न ठेवता एखाद्या कुटुंबात सांभाळायला देतात. बोईसर-सरावली पट्ट्यात कुणी अशी मादी देऊ केली तर होकार देण्याआधी ही माहिती वाचावी.

कुठे चालते?

ब्रिटनमध्ये अंध व्यक्तींना वाट दाखवणारी कुत्री तयार करणारी 'गाइड डॉग्स' ही संस्था पैदाशीच्या माद्या स्वयंसेवकांच्या घरी ठेवते. मादी संस्थेची, खाणे आणि डॉक्टरचा खर्चही संस्थेचा. घरच्यांनी फक्त जीव लावायचा. पिल्ले घरोघरी वाढवायला देण्याची पद्धत तिथे 1956 पासून आहे.

आपल्या जवळचे उदाहरण मुधोळचे. घोरपड्यांचे हे जुने संस्थान आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहे. तिथली शेतकरी कुटुंबे मुधोळ हाउंड घरीच पाळतात आणि पिल्ले विकतात. सांगली-सोलापूरकडे कारवान कुत्री अशीच घरी, शेतावर वाढतात. इथे मादी घरच्यांचीच, त्यामुळे नफाही त्यांचा आणि तोटाही.

भांडण होते ते मधल्या व्यवहारात. मादी एकाची, घर दुसऱ्याचे, आणि खर्चाचे कुणीच बोललेले नसते.

घरी ठेवण्याचा फायदा

पिल्लाचे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचे दिवस महत्त्वाचे. या काळात भांड्यांचा आवाज, लहान मुले, गाड्या, पाहुणे यांची सवय लागली तर पिल्लू धीट होते. पिंजऱ्यातच वाढलेले पिल्लू पुढे माणसाला बुजते आणि भीतीपोटी चावते.

घरच्यांवर पडणारे काम

मादी साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते. तेव्हा दोन-तीन आठवडे तिला गावातल्या कुत्र्यांपासून लांब ठेवावे लागते. कुंपणाला एक भोक राहिले तरी सगळे वेत वाया जाते. गाभणकाळ सुमारे 63 दिवसांचा. विताना अर्धा तास जोरात कळा येऊनही पिल्लू बाहेर आले नाही तर लगेच डॉक्टर गाठावा. पिल्लांजवळ कुणी गेले तर गरीब मादीही चावू शकते, म्हणून लहान मुलांवर लक्ष हवे.

नियम काय सांगतात?

श्वान पैदास व विक्रीचे केंद्राचे नियम 2017 पासून लागू आहेत. मुख्य मुद्दे असे :

- विक्रीसाठी पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी
- 18 महिन्यांखालच्या आणि 8 वर्षांवरच्या मादीपासून पैदास नको
- वर्षात एकच वेत, आयुष्यात जास्तीत जास्त पाच
- आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही

मालकाकडे नोंदणीचे प्रमाणपत्र आधी मागावे. ते नसेल तर मादी घरात घेऊ नये. शंका असल्यास तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे.

आधी लिहून घ्यावे

1. मादी कुणाच्या नावावर, किती वर्षांसाठी दिली, किती वेते घेणार.
2. खाणे, लस, जंतनाशक आणि गोचिडाचे औषध कुणी आणायचे.
3. रात्री-अपरात्री सिझेरियनची वेळ आली तर कोणता डॉक्टर, पैसे कुणाचे. सगळ्यात मोठा खर्च हाच, आणि नेमका हाच बोलायचा राहतो.
4. पिल्लांचा वाटा कसा. एकच पिल्लू जगले तर ते कुणाचे.
5. चुकून गावठी कुत्र्याचे वेत झाले तर पिल्ले कुणी सांभाळायची.
6. मादी मेली किंवा हरवली तर भरपाई मागणार का.
7. पैदास थांबल्यावर मादी कुठे राहणार.

सातवा मुद्दा सोडू नये. पाच-सहा वर्षे घरात राहिलेली मादी घरच्यांनाच माणूस मानते. ती कुटुंबाकडेच ठेवायची असेल तर तसे आधी लिहावे. म्हातारी झाली म्हणून तिला एमआयडीसीच्या रस्त्यावर सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, मग सोडणारा मालक असो की सांभाळणारा.

कागदावर दोघांच्या सह्या आणि एकेक प्रत दोघांकडे. मालक सही करायला तयार नसेल तर मादी घेऊ नये.