आजारपणात काहीच करावंसं का वाटत नाही? उंदरांवरच्या प्रयोगांतून काय कळलं?

ताप आला की जेवण नकोसं होतं, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, आवडती मालिकाही लावावीशी वाटत नाही. 'अंगात त्राण नाही' असं म्हणून आपण पडून राहतो. पण हे फक्त अशक्तपणामुळे होतं का? प्रयोगशाळेतल्या उंदरांवरचे प्रयोग सांगतात की, या बदलामागे मेंदूचाही हात असतो.

जंतूंशिवाय आजार

या प्रयोगांत उंदरांना बहुतेक वेळा एलपीएस, म्हणजे लायपोपॉलिसॅकराइड टोचतात. ई. कोलायसारख्या जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात हा पदार्थ असतो. त्यात जिवंत जंतू नसल्यामुळे संसर्ग होत नाही, पण रोगप्रतिकारक शक्ती मात्र हल्ला झाल्यासारखी कामाला लागते. काही तासांतच उंदीर अंग आक्रसून कोपऱ्यात बसतो, कमी खातो, इतर उंदरांकडे फिरकत नाही.

अमेरिकन शास्त्रज्ञ नील मिलर यांनी १९६०च्या दशकात एक गमतीशीर गोष्ट दाखवली. जिवाणूंचं विष टोचलेले उंदीर पाण्यासाठी कळ दाबायला कंटाळत होते. पण त्यांना फिरत्या पिंपात ठेवलं आणि कळ दाबल्यावर पिंप थांबतं असं केलं, तेव्हा तेच उंदीर जास्त वेळा कळ दाबू लागले. म्हणजे ताकद होती, फक्त प्राधान्य बदललं होतं. आता त्यांना विश्रांती हवी होती.

मेंदूपर्यंत निरोप कसा जातो?

रोगप्रतिकारक पेशी सायटोकाइन नावाची प्रथिनं सोडतात. इंटरल्युकिन-१ हे त्यातलं महत्त्वाचं. त्यांचा निरोप पोटापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या व्हेगस नसेतून आणि रक्तावाटेही पोहोचतो. मग मेंदूतल्या मायक्रोग्लिया पेशी स्वतःच सायटोकाइन तयार करू लागतात.

मेंदूत काय बदलतं?

इथे ट्रिप्टोफॅन महत्त्वाचं ठरतं. अन्नातून मिळणाऱ्या या अमिनो आम्लापासून मेंदू सेरोटोनिन बनवतो. पण दाह वाढला की आयडीओ नावाचं विकर जास्त काम करू लागतं आणि ट्रिप्टोफॅन कायन्युरेनिनकडे वळतं.

मग सेरोटोनिन कमी पडल्यामुळे मरगळ येते का? २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासानं वेगळंच चित्र दाखवलं. एलपीएस दिल्यावर २४ तासांनी उंदीर हिंडू-फिरू लागले होते, पण संकटातून सुटण्यासाठी फारशी धडपड करत नव्हते. आयडीओ रोखल्यावर ही मरगळ आलीच नाही. सेरोटोनिनच्या उलाढालीत मात्र त्यामुळे फरक पडला नव्हता. उलट, निरोगी उंदरांना नुसतं कायन्युरेनिन दिलं तरी त्यांच्यात मरगळ दिसली.

माणसांचं काय?

हेपटायटिस-सीवर पूर्वी इंटरफेरॉन-अल्फा हे सायटोकाइन औषध म्हणून देत असत. ते घेणाऱ्या अनेक रुग्णांना नैराश्य आलं होतं. त्यामुळे दाह आणि नैराश्य यांच्या नात्याकडे संशोधक गांभीर्यानं पाहू लागले.

पण उंदराची मरगळ म्हणजे माणसाचं नैराश्य नव्हे. उंदराला काय वाटतं, हे त्याला विचारता येत नाही. शिवाय प्रत्येक नैराश्यामागे दाह असतोच असंही नाही. मात्र आजारी माणसाला 'जरा उठून बस, बरं वाटेल' असं म्हणण्याआधी एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही: तो आळस करत नसतो, त्याच्या मेंदूनंच विश्रांतीला पहिला नंबर दिलेला असतो.