डूलॅली
ब्रिटिश बोलीतील विशेषण. अर्थ : डोके फिरलेला, भ्रमिष्ट. नाशिकजवळच्या देवळालीचे हे गोऱ्या शिपायांच्या तोंडी घडलेले रूप. नोकरीची मुदत संपलेले शिपाई तेथील लष्करी तळावर मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत. जहाजे हिवाळ्याच्या हंगामातच सुटत. हंगाम हुकला, की महिनोन्‌महिने काम ना धाम, वर उन्हाळा आणि दारू. त्यातून येणाऱ्या वेडसरपणाला नाव पडले ‘डूलॅली टॅप’. यातला ‘टॅप’ म्हणजे चक्क आपला ताप. फ्रँक रिचर्ड्‌स या माजी सैनिकाच्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ (१९३६) या आठवणींत या तळाची हकिगत येते. पुढे ताप उतरला, गावाचे नाव तेवढे उरले. आज शब्दाची धार बोथट झाली असून तो बहुधा थट्टेनेच वापरतात.