टाळ्या वाजवणाऱ्याला मत कधी मिळणार?

एप्रिल जवळ आला की नाशिकच्या वस्त्यावस्त्यांतून जयंतीच्या वर्गणीबरोबर सामन्यांचीही तयारी सुरू होते. मैदानावर उतरणाऱ्या आपल्या पोरांच्या अंगावर लिव्हरपूलचा नाहीतर मँचेस्टर युनायटेडचा लाल टी-शर्ट असतो. रात्र रात्र जागून ती त्यांचे सामने पाहतात, हरले तर जेवत नाहीत. या पोरांना आम्ही एकच प्रश्न विचारतो: ज्या क्लबसाठी एवढा जीव टाकता, तो क्लब तुम्हाला कधी काही विचारतो का?

प्रश्न थट्टेचा नाही. 18 एप्रिल 2021 रोजी युरोपातल्या 12 धनाढ्य फुटबॉल क्लबांनी परस्पर ठरवून स्वतःची वेगळी 'सुपर लीग' जाहीर केली. पाठीराख्यांना कोणी विचारले नव्हते. पाठीराखे चिडले, लंडनमध्ये स्टेडियमबाहेर रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लबांना माघार घ्यावी लागली. पुढे 2025 मध्ये इंग्लंडने कायदाच केला. क्लबचे चिन्ह किंवा गणवेशाचे रंग बदलायचे तर आता पाठीराख्यांचा कौल बघावा लागतो. जर्मनीत तर 1998 पासून '50 अधिक 1' हा नियम आहे. तिथे, काही अपवाद सोडले तर, भांडवलदाराने कितीही पैसा ओतला तरी क्लबमधली बहुसंख्य मते सभासदांच्या हातात राहतात.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. सल्ला विचारणे ही मालकाची मेहेरबानी असते. मत हा हक्क असतो. हा फरक आपल्याला युरोपकडून शिकायची गरज नाही. आपल्या इतिहासाने तो फार आधी शिकवला आहे, आणि तोही खेळाच्याच मैदानावर.

पळवणकर बाळू हे चर्मकार समाजात जन्मलेले डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबमध्ये दरमहा चार रुपयांवर ते मैदानाची निगा राखत आणि साहेबांना गोलंदाजी टाकत. त्यांची करामत पाहून पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले. मैदानात चेंडू सगळ्यांचा एकच होता. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवणाचे पान वेगळे मांडले जाई. पुढे ते मुंबईच्या हिंदू जिमखान्याकडून खेळले. 1906 साली हिंदूंनी गोऱ्यांच्या संघाला हरवले, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. मुंबईच्या मैदानावर हजारो प्रेक्षक त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत.

पण कर्णधार कोण, हे त्या हजारोंनी ठरवायचे नव्हते. ते जिमखान्याची निवड समिती ठरवी. 1920 च्या चौरंगी सामन्यांत बाळूंना संघातून वगळले. नेहमीचे कर्णधार पै आजारी होते, तरी बाळूंचे अनुभवी भाऊ विठ्ठल यांना डावलून कर्णधारपद देवधरांना दिले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि कारण जाहीर निवेदनात मांडले: हा गुणांचा नव्हे, जातीचा निवाडा आहे. वर्तमानपत्रांतून वाद पेटला. अखेर अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार करून परत बोलवावे लागले आणि भाऊही परतले. 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी ती स्पर्धा जिंकली. बाळूंना मात्र रीतसर कर्णधारपद कधीच मिळाले नाही.

कोणी म्हणेल, तो काळच तसा होता, सभासदांना विचारायची पद्धत तेव्हा नव्हती. हे खरे नाही. 1940 च्या डिसेंबरात, जातीय संघांच्या या स्पर्धेत खेळावे की नाही, असा पेच पडला तेव्हा याच जिमखान्याची माणसे सल्ला घ्यायला वर्ध्याला गांधीजींकडे गेली. गांधीजींनी स्पर्धेविरुद्ध मत दिले. मग जिमखान्याने सभासदांची सभा बोलावली, मते मोजली आणि थोडक्या फरकाने माघार घ्यायचे ठरवले. म्हणजे विचारायची रीत त्यांना चांगली ठाऊक होती. कोणाला विचारायचे, एवढाच प्रश्न होता. वर्गणी भरणाऱ्या सभासदाला विचारले. उन्हात बसून टाळ्या वाजवणाऱ्याला कोणी विचारले नाही.

आता त्याच काळातल्या आपल्या नाशिककडे या. राम सगळ्यांचा, असे सांगत. पण काळाराम मंदिराच्या दारातून कोण आत जाणार हे मूठभर लोक ठरवत. 2 मार्च 1930 रोजी सत्याग्रह सुरू झाला. 9 एप्रिलला दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून रामाचा रथ ओढावा, अशी तडजोड झाली होती. सवर्णांनी ती मोडून रथ पळवला आणि आपल्या माणसांवर दगड पडले. वाटाघाटीला बोलावले तरी दिलेला शब्द पाळायला भाग पाडण्याची ताकद आपल्या हातात नव्हती. ती नसेल तर चर्चेला अर्थ उरत नाही.

चार वर्षांनी दादासाहेब गायकवाडांनी सत्याग्रह पुन्हा सुरू करण्याबद्दल बाबासाहेबांना विचारले. 3 मार्च 1934 च्या पत्रात बाबासाहेबांनी नकार दिला, पण नुसता हुकूम सोडला नाही, कारणे दिली. आपली माणसे मूर्तिपूजक व्हावीत म्हणून हा लढा नव्हता, त्यांना आपल्या अवस्थेची जाणीव व्हावी म्हणून होता, आणि ते काम झाले आहे, असे त्यांनी कळवले. 13 ऑक्टोबर 1935 रोजी नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात त्यांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली आणि परिषदेने सत्याग्रह थांबवण्याचा ठराव केला. घोषणा त्यांची स्वतःची होती. समाजाने काय करावे, हे मात्र त्यांनी समाजापुढे ठेवले. 1936 च्या मे अखेरीस मुंबईत महार परिषद बोलावली ती लोकांचा कौल घ्यायला. प्रत्येक जातीने आपापली सभा घेऊन ठरवावे, म्हणून ही परिषद एकट्या महारांची, हेही त्यांनी तिथे उघड सांगितले. मग आपली बाजू तपशीलवार मांडली आणि निर्णय लोकांवर सोपवला. परिषदेने धर्मांतराचा ठराव केला. प्रत्यक्ष दीक्षा 1956 ला झाली. नेत्याने लोकांना विचारावे कसे, याचा यापेक्षा मोठा धडा आम्हाला ठाऊक नाही.

बाळूंचे नाव आपल्यातल्या काहींना अडचणीचे वाटते, हे आम्ही जाणतो. 1932 च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. 1937 च्या निवडणुकीत ते काँग्रेसच्या बाजूने थेट बाबासाहेबांविरुद्ध मुंबईत उभे राहिले. बाबासाहेबांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225. पण या आकड्यांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहा. सतरा वर्षांपूर्वी बाळूंचे स्थान जिमखान्याची समिती ठरवत होती आणि प्रेक्षक फक्त टाळ्या वाजवत होते. आता अस्पृश्य समाजातले दोन कर्तबगार पुरुष मतदारांच्या दारात उभे होते आणि त्यांना विचारल्याशिवाय कोणालाच पुढे जाता येत नव्हते. मताधिकार तेव्हा सगळ्यांना नव्हता. सर्व प्रौढांना मत हवे ही मागणी बाबासाहेबांनी 1928 सालीच सायमन कमिशनपुढे मांडली होती. तो हक्क संविधानाने दिला. प्रेक्षकाचा मतदार होणे, हीच आपल्या लढ्याची खरी मजल आहे.

म्हणून शेवटचा प्रश्न दुसऱ्या कोणाला नाही, आपल्यालाच. आपल्या मंडळात, आपल्या संघटनेत, आपल्या पक्षात काय चालते? वर्गणी वस्तीतल्या प्रत्येक घरातून येते, पण हिशेब किती ठिकाणी सर्वांसमोर वाचला जातो? मिरवणुकीत माता-भगिनी सर्वांत पुढे चालतात, कार्यकारिणीत त्या किती? युती कोणाशी करायची हे कार्यकर्त्याला विचारतात, की त्याला दुसऱ्या दिवशी पेपरात वाचायला मिळते? जिमखान्याला नावे ठेवणे सोपे आहे. आपल्याच घरात जिमखाना तयार होत असेल तर तो ओळखणे अवघड आहे.

या जयंतीला एवढे करा. सामने भरवा, नाचा, जल्लोष करा. पण त्याआधी वस्तीची सभा घ्या, हिशेब मांडा, पदाधिकारी निवडायला हात वर करायला लावा, आणि सभा ठरवेल ते अध्यक्षाच्या मनाविरुद्ध गेले तरी पाळा. बाबासाहेबांनी आपल्या हातात मत दिले. आपल्याच भावाच्या हातून ते काढून घेऊन त्याला पुन्हा टाळ्या वाजवायला बसवू नका.

जय भीम!